एमएस आणि दूधदुभतं: बंद करून खरंच फरक पडतो का?

निळाई
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, आज विचारतेच. मला रिलॅप्सिंग रेमिटिंग एमएस आहे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचा अधूनमधून झटके (रिलॅप्स) येऊन ओसरणारा प्रकार, ज्यात इम्यून सिस्टीम मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते. सुरुवात डाव्या डोळ्यापासून झाली, ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे डोळ्याच्या नसेला सूज. स्टेरॉईडचे डोस सलाईनमधून झाले, नजर बऱ्यापैकी परत आली पण त्या डोळ्याला लाल रंग अजून फिका दिसतो, एक डोळा झाकून बघितलं की लाल वस्तू विटकरी वाटते. आता औषध सुरू झालंय आणि ते मी घेणारच आहे, त्याबद्दल काही शंका नाही.

प्रश्न वेगळा आहे. ज्याला कळतं तो सांगतो "आधी दूध बंद कर". एकाने व्हिडिओ पाठवला की दुधातलं प्रोटीन मेंदूवर हल्ला करतं, दुसरीने सांगितलं की साय आणि लोणी वाईट पण ताक चालेल, तिसऱ्याचं म्हणणं उलटंच, तूप चालेल पण ताक नको. न्यूरोना, म्हणजे न्यूरॉलॉजिस्टना, विचारलं तर म्हणाले "बॅलन्स्ड खा, वजन सांभाळा" आणि पुढचा पेशंट आत आला. मी मांसाहार करत नाही, अंडंही नाही, त्यामुळे दूध, दही, पनीर काढलं तर ताटात उरतं काय असा प्रश्न पडतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आई मनाला लावून घेऊन बसलीये, लहानपणी नको म्हणत असताना तिने मला दूध प्यायला लावलं म्हणून हे झालं असं तिला वाटतंय.

कोणी बंद केलंय का? फरक पडला का? आणि ह्याच्यामागे खरंच काही संशोधन आहे की नुसतंच एकाने दुसऱ्याला सांगितलेलं?

रानवारा
निळाईताई, मी बंद केलंय, बरीच वर्षं झाली. माझा अनुभव सांगतो, पटलं तर घ्या.

निदान झालं तेव्हा माझी अवस्था अशी की दुपारचं जेवण झालं की पाय शिशाचे झाल्यासारखे जड, पोट फुगलेलं, डोक्यात धुकं, समोरचा काय बोलतोय ते कानावर पडतं पण आत शिरत नाही. तेव्हा एका जुन्या पेशंटने सुचवलं म्हणून दूध, दही, चीज सगळं सोडलं. पोट पहिल्या आठवड्यातच शांत झालं, आणि पुढे हळूहळू दुपारचा फटीग, म्हणजे थकवा, पण कमी झाला. रिलॅप्सही त्यानंतर एकच आला आणि तो सौम्य होता. औषध चालूच होतं, ते कधी सोडलं नाही हे आधीच सांगतो कारण इथे लोक अर्धं वाचून औषध बंद करतात.

मला कोणी म्हटलं पुरावा दाखव तर माझ्याकडे माझं शरीर सोडून दुसरा पुरावा नाही. पण हा आजार माझ्याच शरीरात आहे ना. सोडून बघण्यात नुकसान काय, असं माझं मत.

अक्षरवेडा
निळाईताई, माझ्या बायकोला एमएस आहे, निदान झाल्यावर मी झोप सोडून हेच वाचत बसायचो त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

तुम्हाला तिघांनी तीन उलटसुलट गोष्टी सांगितल्या त्याचं कारण असं आहे की "दूध वाईट" ह्या एका वाक्यात तीन वेगळे आरोप आहेत, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिला आरोप स्निग्धावर, म्हणजे सॅच्युरेटेड फॅटवर. हा सगळ्यात जुना. रॉय स्वँक नावाचे न्यूरॉलॉजिस्ट होते, त्यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी पेशंटना कमी सॅच्युरेटेड फॅटच्या आहारावर ठेवायला सुरुवात केली आणि १९९० साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात १४४ पेशंटचा ३४ वर्षांचा हिशोब मांडला. ज्यांनी रोजचं सॅच्युरेटेड फॅट २० ग्रॅमच्या आत ठेवलं ते खूपच चांगले राहिले असं त्यात आहे. ऐकायला जबरदस्त वाटतं, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. आणि जो आधीच बरा आहे तोच इतकी वर्षं कडक पथ्य पाळू शकतो, ज्याचा आजार वाढला तो पथ्यातून सुटतो, म्हणजे कारण कुठलं आणि परिणाम कुठला ते सांगता येत नाही. आणि हे महत्त्वाचं, स्वँकच्या आहारात फॅट काढलेलं दूध चालतं! म्हणजे ह्या हिशोबाने साय, लोणी, तूप, चीज नको, बिनसायीचं दूध आणि ताक चालेल.

दुसरा आरोप प्रथिनांवर. आपल्या नसांवर मायलिनचं जे आवरण असतं त्यात एमओजी नावाचं एक प्रोटीन आहे, आणि दुधातल्या स्निग्धकणांच्या पापुद्र्यात ब्युटायरोफिलिन नावाचं प्रोटीन असतं, त्याचा काही भाग एमओजीसारखा दिसतो. मग इम्यून सिस्टीम गफलत करेल का अशी शंका. २००० च्या आसपास उंदरांच्या जातीतल्या प्राण्यांवर प्रयोग झाले, काहींमध्ये ब्युटायरोफिलिन टोचल्यावर मेंदूत सूज दिसली, पण दुसऱ्या प्रयोगांत तेच प्रोटीन आधी दिल्यावर आजार उलट दबला. दोन्ही खरं आहे. व्हिडिओवाले पहिलं सांगतात, दुसरं सांगत नाहीत.

मग २०२२ मध्ये जर्मनीतल्या बॉन आणि एर्लांगेनच्या संशोधकांचा पेपर आला, तो बहुतेक तुमच्या व्हिडिओत असणार. त्यात केसीन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रोटीन, उंदरांना टोचलं तेव्हा त्यांच्या मज्जारज्जूत मायलिनचं नुकसान दिसलं, आणि काही एमएस पेशंटच्या रक्तात केसीनविरुद्धच्या अँटीबॉडी मिळाल्या, त्या मायलिनमधल्या एमएजी नावाच्या प्रोटीनलाही चिकटत होत्या. काम चांगलं आहे, गंभीर आहे. पण नीट बघा, केसीन उंदरांना टोचलं, इम्यून सिस्टीम भडकवणाऱ्या पदार्थासोबत. प्यायला दिलं नाही. पोटातून जाणारं प्रोटीन पचतं, तुटतं, आणि आतड्याची इम्यून सिस्टीम खाल्लेल्या गोष्टी सहन करायला शिकलेली असते. आणि त्या अँटीबॉडी काही पेशंटमध्ये, सगळ्यांत नाही. ह्या आरोपाच्या हिशोबाने बिनसायीचं दूध सगळ्यात वाईट ठरतं आणि तूप सुटतं, कारण तुपात प्रोटीन जवळजवळ नसतंच. म्हणजे पहिल्याच्या बरोब्बर उलट.

तिसरा लॅक्टोज, दुधातली साखर. तिचा एमएसशी थेट संबंध सिद्ध झालेला नाही, पण पोटाशी आहे, आणि रानवारादादांच्या गोष्टीत मला तीच जास्त दिसते. त्याबद्दल जाणकार बोलतील.

आमच्या घरी आम्ही दूध बंद केलं नाही. साय, लोणी, चीज कमी केलं, ते हृदयासाठीही बरं म्हणून. पुरावा तेवढंच सांगतो असं वाटलं.

निळाई
बापरे, आता कळलं तिघं तीन तऱ्हा का सांगत होते. धन्यवाद. पण आईचं काय सांगू तिला? लहानपणी प्यायलेल्या दुधाने होतं का हे?

अक्षरवेडा
आईंना हे जरूर वाचून दाखवा.

१९९२ मध्ये एक अभ्यास आला होता, २७ देशांमधलं दूध पिण्याचं प्रमाण आणि एमएसचं प्रमाण शेजारी मांडलं, तर जिथे दूध जास्त तिथे एमएस जास्त. तिथूनच बरीच हाकाटी सुरू झाली. पण त्याच अभ्यासात चीजचा संबंध दिसला नाही. आणि मुळात जास्त दूध पिणारे बरेचसे देश विषुववृत्तापासून लांब आहेत, तिथे ऊन कमी, ड जीवनसत्त्व कमी, आणि एमएस तिथे जास्त असतो हे आधीपासून माहीत आहे. देशांच्या सरासऱ्या जुळल्या म्हणून एका माणसाच्या पेल्यावर आरोप ठेवता येत नाही.

अमेरिकेतल्या नर्सेसच्या मोठ्या अभ्यासातून २०११ मध्ये दोन पेपर निघाले. एकात किशोरवयात सायीसकट दूध दिवसाला तीन किंवा जास्त वेळा घेणाऱ्यांमध्ये धोका थोडा जास्त दिसला. दुसऱ्यात गरोदरपणी ज्यांच्या आईने दूध जास्त घेतलं त्या मुलींमध्ये धोका कमी दिसला. आता ह्यातून आईने काय करायला हवं होतं? काहीच सांगता येत नाही. शिवाय लहानपणचं आठवून लिहिलेलं, कोणी किती प्यायलं होतं ते नेमकं कुठे आठवतं.

एमएसमागचं सगळ्यात भक्कम कारण आज हाती आहे ते एप्स्टाईन बार व्हायरस. २०२२ साली सायन्स ह्या नियतकालिकात आलं, अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून जास्त लोकांची माहिती तपासली, ह्या व्हायरसचं इन्फेक्शन झाल्यानंतर एमएसचा धोका ३२ पट वाढलेला दिसला. हा व्हायरस बहुतेक सगळ्या माणसांना आयुष्यात कधी ना कधी होतोच, त्यातल्या फार थोड्यांना एमएस होतो, त्यात जीन्स आहेत, ऊन आहे, सिगारेट आहे, किशोरवयातलं जास्त वजन आहे. दुधाचा पेला ह्या यादीत कुठे शोधायचा? आईंनी मुलीला प्रेमाने दूध दिलं, त्यात त्यांचा काडीचा दोष नाही. हे त्यांना ठामपणे सांगा, मनात ठेवू देऊ नका.

साधीसोपी
निळाई, तुझ्याहून मोठी आहे म्हणून अगं म्हणते. मला प्रायमरी प्रोग्रेसिव्ह, म्हणजे सुरुवातीपासून हळूहळू वाढत जाणारा एमएस आहे, काठी घेऊन चालते.

इथे मेंदूचीच चर्चा चाललीये, हाडांचं कोणी बोलत नाही. एमएसमध्ये हाडं पोकळ व्हायला तीन-तीन कारणं असतात, स्टेरॉईड, चालणं फिरणं कमी, आणि ड जीवनसत्त्व कमी. वर तोल जातो म्हणून पडतो पण आपणच जास्त. माझ्या मनगटाचं फ्रॅक्चर साधं बाथरूमच्या उंबऱ्याला पाय अडखळून झालं, पायाचा पंजा वर उचललाच गेला नाही, हात टेकला आणि कट्कन आवाज आला. त्यानंतर डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, केला तर हाडं माझ्या वयाच्या मानाने बरीच खाली. मी तेव्हा कित्येक वर्षं दुधाला शिवत नव्हते आणि त्याच्याऐवजी कॅल्शियम कुठून घ्यायचं हे मला कोणीच सांगितलेलं नव्हतं. पथ्य सांगणारे "काढा" म्हणतात, "घाला" कोणी म्हणत नाही. ह्याचा मला फार राग आहे.

काठी धरायचा हातच प्लास्टरमध्ये गेला की काय होतं ते मी अनुभवलंय. तुला हे अजून लांब वाटेल, पण हाडांचं आत्ताच बघ.

पिंपळपान
मी आहारतज्ज्ञ आहे, न्यूरोच्या पेशंटसोबत काम करते. साधीसोपीताईंना अगदी शंभर टक्के अनुमोदन. सोडून बघण्यात नुकसान काय असं वर विचारलंय, तर नुकसान आहे, आणि निळाईसारख्या अंडंसुद्धा न खाणाऱ्या व्यक्तीला तर जास्तच आहे.

बी१२ आधी घेऊ. शाकाहारी माणसाला ते जवळजवळ फक्त दूधदुभत्यातूनच मिळतं. दूध बंद केलं की लगेच काही होत नाही कारण लिव्हरमध्ये साठा असतो, तो काही वर्षं पुरतो, आणि म्हणूनच हे फसवं आहे. साठा संपला की हातापायाला मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं, चालताना जमीन नीट न कळणं, विसरायला होणं. वाचून काय वाटतं? हुबेहूब एमएस. बी१२ कमी पडलं तरी मायलिनचंच नुकसान होतं. म्हणजे एमएससाठी दूध सोडायचं आणि काही वर्षांनी एमएससारखीच लक्षणं वेगळ्या कारणाने आली तर पेशंटला वाटणार आजार वाढला, कदाचित डॉक्टरांनाही क्षणभर वाटेल. त्यामुळे दूध सोडणार असाल तर आधी बी१२ तपासा आणि गोळी सुरू करा, "थकवा आला की बघू" असं नको.

कॅल्शियम मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम लागतं, पन्नाशीपुढच्या बायकांना १२००. पाव लिटर दुधात सुमारे ३०० असतं. हे दुसरीकडून भरून निघतं, पण आपोआप नाही. तीळ, बदाम, कॅल्शियम घालून बनवलेला टोफू, कॅल्शियम घातलेलं सोयामिल्क. पालक बघून फसू नका, त्यात कॅल्शियम असतं पण ऑक्झलेटमुळे अंगी फार कमी लागतं. गोळी घ्यायची वेळ आली तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर घेऊन फायदा नसतो, आणि कार्बोनेटवाली असेल तर जेवणासोबत. ड जीवनसत्त्वाची पातळी तपासून डोस ठरवा, कोणीतरी सांगितलं म्हणून मोठमोठे डोस महिनोन्महिने घेऊ नका, रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीवर येतं.

प्रथिनांचंही बघावं लागतं. डाळी, सोया, दाणे ह्यातून होतं, पण ज्याला भूक कमी, गिळायला त्रास, स्वयंपाक करायला ताकद नाही त्याच्यासाठी एक वाटी दही ही फार सोयीची गोष्ट असते. ती काढून घेताना मी दहा वेळा विचार करते.

आणि न्यूरो "बॅलन्स्ड खा" म्हणाले त्याचा राग मानू नका. कॉक्रेन ह्या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये एमएस आणि आहारावरच्या सगळ्या ट्रायल्स एकत्र तपासल्या, तेव्हा कुठल्याही आहाराने रिलॅप्स किंवा अपंगत्व कमी होतं असं खात्रीने म्हणण्याइतका पुरावा नाही असंच निघालं. त्यांनी ते दोन वाक्यं जास्त बोलून सांगायला हवं होतं एवढं मात्र खरं.

रानवारा
सगळं वाचलं. अक्षरवेडा, तुमचा अभ्यास दांडगा आहे, मान्य. पण मग माझा अनुभव खोटा का? मी वर्षानुवर्षं ह्या शरीरात राहतोय, मला बरं वाटलं ते वाटलं. टेरी वॉल्स ह्या स्वतः डॉक्टर आहेत, त्यांना एमएस आहे, व्हीलचेअरवरून उठून त्या सायकल चालवायला लागल्या, त्यांच्या आहारात दूध नाही. ऑस्ट्रेलियाचे जॉर्ज जेलिनेक, तेही डॉक्टर, तेही एमएसचे पेशंट, तेही दूध वर्ज्य सांगतात. हे लोक काही अडाणी नाहीत. ज्याला हा आजार नाही त्याला "पुरावा अपुरा आहे" म्हणणं सोपं जातं, आम्हाला आज संध्याकाळपर्यंत उभं राहायचं असतं.

अक्षरवेडा
दादा, खोटा अजिबात नाही. तुम्हाला बरं वाटलं हे शंभर टक्के खरं आहे. कशामुळे वाटलं एवढाच प्रश्न आहे, आणि तो तुमच्यासाठी नाही, उद्या तुमचं वाचून कोणी दूध सोडेल त्याच्यासाठी आहे.

रिलॅप्सिंग एमएसची रीतच अशी आहे की तो आपला आपण वर-खाली होतो. रिलॅप्स येतो, काही आठवडे-महिन्यांत आपोआप ओसरतो, पूर्ण किंवा अर्धवट. आता माणूस पथ्य कधी सुरू करतो? सगळ्यात वाईट अवस्थेत. चांगलं चाललेलं असताना कोण दूध सोडतो? म्हणजे त्या टोकापासून पुढे बहुतेकांना बरंच वाटणार, काहीही सोडलं तरी. तुमचं औषधही त्याच काळात सुरू झालं होतं, आणि ही औषधं पहिल्या दिवशी काम करत नाहीत, काही महिन्यांनी त्यांचा जम बसतो. माझ्या बायकोने काहीच सोडलं नव्हतं, तरी पहिल्या रिलॅप्सनंतरचं तिचं वर्ष असंच चढतं गेलं. तिने त्या काळात भिंतीला निळा रंग दिला असता तर आम्ही रंगाला श्रेय दिलं असतं.

दुसरं, नुसत्या बरं वाटण्यावरून आत काय चाललंय ते कळत नाही. नवीन लेझन, म्हणजे नुकसानीचे डाग, एमआरआयवर रिलॅप्सपेक्षा किती तरी जास्त वेळा येतात, आणि त्यातले बरेच गुपचूप येतात. म्हणून "बरं वाटतंय, आता औषध कशाला" ह्या वाटेला कोणी जाऊ नये, तुम्ही गेला नाहीत हे मला तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

वॉल्सबाईंबद्दल मला आदर आहे, कारण त्यांनी स्वतःच्या आहाराची ट्रायल केली. आयोवा विद्यापीठात त्यांचा आहार आणि स्वँकचा आहार समोरासमोर ठेवले, २०२१ मध्ये छापून आलं, १२ आठवड्यांपर्यंत ७७ जण टिकले. फटीग दोन्ही गटांत कमी झाला. आता बघा, एका गटाला दूध बंद, दुसऱ्याला कमी फॅटचं दूध चालू, आणि दोघांनाही बरं वाटलं. दोन्हीत समान काय होतं? भाज्या-फळं भरपूर, पॅकेटमधलं खाणं कमी, आणि कोणीतरी विचारपूस करणारं. मला तरी त्यात दूध नायकही दिसत नाही आणि खलनायकही नाही.

पिंपळपान
रानवारादादा, तुमचं पोट पहिल्या आठवड्यात शांत झालं हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. जगातल्या साधारण दोन तृतीयांश मोठ्या माणसांना लॅक्टोज नीट पचत नाही. पोट फुगणं, गुरगुरणं, जुलाब, आणि जेवणानंतरची सुस्ती. एमएसमध्ये आतड्याची हालचाल आधीच बिघडलेली असते, त्यात हे. रात्रभर पोट त्रास देत असेल तर झोप मोडते, झोप मोडली की दुसऱ्या दिवशीचा फटीग दुप्पट. म्हणजे दूध सोडून तुम्हाला खरोखर फायदा झाला असेल, फक्त तो मायलिनच्या वाटेने न होता पोटाच्या वाटेने झाला असेल. तसं असेल तर दूध सोडायचीच गरज नाही, लॅक्टोज काढलेलं दूध मिळतं, दह्यात लॅक्टोज कमी असतं, मुरलेल्या चीजमध्ये जवळजवळ नसतं.

निळाई, तुला बघायचंच असेल तर अशा वेळी बघ जेव्हा रिलॅप्स नुकताच झालेला नाही, औषध बदललेलं नाही, उन्हाळा ऐन भरात नाही, कारण उष्णतेने लक्षणं वर येतात ते वेगळंच. एका वेळी एकच गोष्ट बदल. दूध सोडलं, त्याच आठवड्यात व्यायाम सुरू केला, मैदा सोडला, तर मग कशाने काय झालं? रोज ठराविक वेळेला फटीग दहापैकी किती, पोट कसं, झोप कशी एवढंच वहीत लिही. चार ते सहा आठवडे बंद, मग परत सुरू करून तितकेच दिवस लिही. हा परत सुरू करायचा भाग सगळे टाळतात आणि खरं उत्तर तिथेच असतं. परत घेतल्यावर काही फरक पडला नाही तर दूध निर्दोष. पोट बिघडलं तर लॅक्टोजचा विचार कर.

आणि नवीन लक्षण आलं, किंवा जुनं वाढलं आणि चोवीस तासांच्या वर टिकलं, तर "काल दही खाल्लं म्हणून" असं म्हणत घरी बसू नकोस. ताप, युरिन इन्फेक्शन आहे का बघ आणि न्यूरोंना कळव.

रानवारा
लॅक्टोजचं हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं. लॅक्टोज काढलेलं दूध आणून बघतो. बी१२ पण तपासतो, मला मुंग्या अधूनमधून येतातच आणि मी त्या एमएसच्या खात्यावर टाकत आलोय.

मनमोकळी
माझं जरा उलटं आहे. मी डायमिथाइल फ्यूमरेट हे एमएसचं औषध घेते, त्याची कॅप्सूल रिकाम्या पोटी घेतली की अर्ध्या तासात चेहरा, कान, छाती लालबुंद, आग आग, आणि पोटात पिळ. नर्सने सांगितलं की थोडे फॅट आणि प्रोटीन असलेलं काहीतरी आधी खा. तेव्हापासून सकाळी घट्ट दह्याची वाटी, सायीसकट, अर्धी संपली की कॅप्सूल गिळायची आणि मग उरलेली अर्धी. पोटाचा त्रास जवळजवळ गेला, लाली अजून येते पण सौम्य.

मधे कोणाचं तरी ऐकून मी दही बंद केलं होतं आणि त्या दिवसांत कॅप्सूल चुकवायला लागले होते, नकोच वाटायची. म्हणजे माझ्या बाबतीत दही सोडणं म्हणजे औषध सोडण्याकडे एक पाऊल. ज्यांना दूध चालत नाही त्यांनी शेंगदाण्याचं बटर घेऊन बघा, माझ्या ओळखीतल्या एकीला ते मानवलंय.

निळाई
माझ्या डोक्यातला गुंता बराच सुटला. एक राहिलं, एका लॅबची जाहिरात आलीये, रक्त द्यायचं आणि कुठले पदार्थ चालत नाहीत त्याची शंभरेक नावांची यादी मिळते. ती टेस्ट करून घेऊ का? दुधाचं नक्की कळेल ना त्यातून?

पिंपळपान
नको. ह्या टेस्ट बहुतेक आयजीजी नावाच्या प्रकारच्या अँटीबॉडी मोजतात. तू जे नेहमी खातेस त्याविरुद्ध आयजीजी असणं हे साधारण शरीराला त्या पदार्थाची ओळख असल्याचं लक्षण आहे, आजाराचं नाही. अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटना अशा टेस्ट करू नका असंच सांगतात. रोज दूध पिणाऱ्याच्या रिपोर्टमध्ये दूध लाल रंगात येणार आणि तो घाबरून अर्ध्या गोष्टी सोडणार, मी अशी माणसं वजन दहा किलो उतरलेल्या अवस्थेत बघितली आहेत.

दुधाची खरी अ‍ॅलर्जी वेगळी. अंगावर गांधी, ओठ सुजणं, श्वासाला त्रास, खाल्ल्यावर थोड्याच वेळात. तसं कधी झालं असेल तर मात्र अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे जा आणि दूध पूर्ण बंद, त्यात चर्चा नाही. बॉस्टनच्या १३४९ एमएस पेशंटच्या एका अभ्यासात खाण्याच्या अ‍ॅलर्जी असलेल्यांमध्ये रिलॅप्स जास्त दिसले होते, पण ते सगळ्या पदार्थांच्या अ‍ॅलर्जी मिळून, एकट्या दुधाबद्दल नाही, आणि अ‍ॅलर्जीमुळेच रिलॅप्स आले असंही त्यातून ठरत नाही.

साधीसोपी
दुधाचं अजून एक, औषधांच्या वेळांचं. आपल्यातल्या बऱ्याच जणांना ब्लॅडर पूर्ण रिकामं होत नाही म्हणून युरिन इन्फेक्शन सारखं होतं, आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक लिहून देतात. ती गोळी दुधाबरोबर किंवा दह्याबरोबर घेतली तर कॅल्शियम तिला धरून ठेवतं आणि औषध नीट लागू पडत नाही. मला इन्फेक्शन परत परत यायचं तेव्हा फार्मसिस्टने विचारलं गोळी कशाबरोबर घेता, तेव्हा कळलं. कॅल्शियमच्या गोळीलाही तेच लागू. अंतर किती ठेवायचं ते गोळी घेतानाच विचारून घ्या.

निळाई
हे सगळं आईला वाचून दाखवलं. व्हायरसचा भाग तिने दोनदा वाचायला लावला आणि मग उठून गेली, रात्री जेवताना पहिल्यांदा दुसऱ्याच विषयावर बोलली.

मी ठरवलंय, आत्ता दूध बंद नाही करत. बी१२, ड आणि डेक्साची चिठ्ठी पुढच्या भेटीत मागते. साय-लोणी कमी. पुढे सहा महिन्यांचा एमआरआय झाला आणि सगळं शांत असलं तर वहीवाला प्रयोग करून बघेन, पोट माझंही कधीकधी फुगतं. पिंपळपानताई, तेव्हा सोयामिल्क आणायचं झालं तर पॅकवर काय बघायचं?

पिंपळपान
शंभर मिलिलिटरला कॅल्शियम १२० मिलिग्रॅमच्या आसपास आहे का बघ, बी१२ आणि ड घातलंय का बघ, साखर घातलेली नको. बदामाच्या दुधात प्रोटीन जवळपास नसतं त्यामुळे ते दुधाच्या जागी धरू नकोस. आणि ओतायच्या आधी पॅक चांगलं हलव, घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं, न हलवता प्यायलीस तर ते पॅकमध्येच राहून जाईल.